ताई, डिझेल कोन भरते वं?

बचत गटाची बैठक आटोपून आम्ही सहा-सात जणी काळी-पिवळीतून यावलला परतत होतो. वाटेत पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. कोणी मंत्री येणार होते. वैशाखातलं ऊन, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. अर्ध्या तासानं सायरन वाजवत दहा-बारा गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी आमची एक मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ताई, एवढ्या गाड्यायचं डिझेल कोन भरते वं?"

सगळ्या हसल्या. मला मात्र रात्री घरखर्चाची वही लिहिताना तिचा प्रश्न आठवला. उत्तर सोपं आहे, मावशीच भरते! साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीत तिचा कर जातोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनानं सरकारी गाड्यांच्या किमतीची मर्यादा नव्यानं ठरवली. मंत्र्यांसाठी ३० लाख रुपये. राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना तर मर्यादाच नाही. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे ३० लाख कमवायला मावशीला एकही सुटी न घेता २६ वर्षं राबावं लागेल, तेही एक पैसा न खाता! शिवाय चालक, डिझेल, दुरुस्ती आणि मागेपुढे धावणाऱ्या गाड्या वेगळ्याच.

मंत्र्यांना गाडी नको, असं माझं म्हणणं नाही. एवढं मोठं राज्य, दौरे करावेच लागतात, सुरक्षाही हवी. पण गरज कुठं संपते आणि मिरवणं कुठं सुरू होतं? १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा गेला. ताफा मात्र तसाच राहिला.

आपल्या तालुक्याला तर साधेपणाचा वारसा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं. धनाजी नाना चौधरींनी त्यासाठी जिवाचं रान केलं. बांबू-तट्ट्यांचं नगर नंदलाल बोस यांनी सजवलं आणि अध्यक्ष पंडित नेहरूंची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा मंत्र्यांचा पगार महिना ५०० रुपये ठरला. घर-गाडीचा खर्च वेगळा होता, पण हात आखडून.

लालबहादूर शास्त्रींची गोष्ट तर आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी. पंतप्रधान असताना त्यांनी घरासाठी फियाट घेतली. किंमत १२ हजार, जवळ ७ हजार, म्हणून बँकेकडून ५ हजारांचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ते गेले आणि उरलेले हप्ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडले.

मैत्रिणींनो, १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. त्या सवलतीचा तिजोरीवर किती बोजा पडतो, हे सगळे आपल्याला ऐकवतात. मग त्यांच्या प्रवासाचा बोजा आपण का विचारू नये?

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही माफ. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंत्र्यांची वाहनं, इंधन आणि दौरे यांवर वर्षभरात किती खर्च झाला, एवढंच विचारायचं.

आमच्या गटानं पुढच्या बैठकीत असा अर्ज लिहायचं ठरवलंय. पहिली सही, अर्थातच, मावशीची!