ओव्हनविना बटरस्कॉच

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात भट्टी न पेटवता होणारा हा थंडगार गोड पदार्थ घरी जरूर करा. श्रीखंडाचा चक्का आणि गावातल्या किराणा दुकानातले जिन्नस त्याला पुरतात.

साहित्य (६ जणांसाठी) : मारी बिस्किटे १५० ग्रॅम, चक्का ४०० ग्रॅम, पिठीसाखर ४ चमचे, साखर १५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, घोटलेली साय अर्धी वाटी, भाजून सोललेले शेंगदाणे अर्धी वाटी, चिमूटभर मीठ.

सॉस : जाड बुडाच्या कढईत १०० ग्रॅम साखर पाणी न घालता मंद आचेवर वितळवा. मधासारखा रंग आला की निम्मे लोणी, मग कोमट साय व मीठ घाला. पाक उसळतो, हात जपा. रंग काळपट झाला तर चव कडवट होते.

चुरा : उरलेली साखर तशीच वितळवून शेंगदाणे घोळवा, तूप लावलेल्या ताटात पसरा, गार झाल्यावर जाडसर कुटा.

थर : बिस्किटांचा भुगा उरलेल्या वितळलेल्या लोण्यात कालवून काचेच्या भांड्यात दाबा. वर पिठीसाखर फेटलेला चक्का, त्यावर गार सॉस. फ्रिजमध्ये ४ तास ठेवा.

लक्षात ठेवा : चुरा वाढतानाच घाला, आधी घातल्यास ओल धरून मऊ पडतो.

मूळ : बटरस्कॉचला १९व्या शतकात नाव मिळवून दिले ते इंग्लंडातल्या डॉनकास्टरने.