पुळणीचे पुनर्भरण

सागरकिनारा पाहणाऱ्यास स्थिर भासतो. वस्तुतः तो अखंड हालत असतो. पश्चिम किनाऱ्यावरील रहिवाशांना याचा प्रत्यय दरवर्षी येतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की उंच लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात व ती किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली साचते. पावसाळा सरल्यावर संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. ही झीज ऋतुमानाची असून ती निसर्गच भरून काढतो. परंतु जेथे गेलेली वाळू परतत नाही, तेथे पुळण वर्षानुवर्षे अरुंद होत जाते आणि अखेर समुद्र रस्त्यांना व घरांना येऊन भिडतो. अशा ठिकाणी समुद्रतळाची किंवा बंदराच्या मुखाशी साचलेली वाळू उपसून किनाऱ्यावर घालतात. या उपायास पुळणीचे पुनर्भरण म्हणतात.

वाळूची वाट कशी अडते

लाटा बहुधा किनाऱ्यावर तिरप्या येतात. त्यामुळे वाळूचा कण दर लाटेगणिक थोडाथोडा पुढे सरकतो आणि किनाऱ्यालगत वाळूचा जणू एक प्रवाहच वाहत राहतो. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर ऋतुपरत्वे या प्रवाहाची दिशा बदलत असली, तरी वर्षाचा हिशेब करता वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. या वाटेत बंदराची भिंत उभी राहिली की तिच्या दक्षिणेस वाळू साचते व उत्तरेकडील किनारा उपाशी राहतो.

पुदुच्चेरीस हेच घडले. तेथे 1986 ते 1989 या काळात अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी बंदरासाठी लाटारोधक भिंती बांधण्यात आल्या. अडलेली वाळू उत्तरेस पोहोचविण्याची कल्पना मूळ योजनेत होती. तथापि ते काम नियमितपणे झाले नाही. परिणामी गांधी पुतळ्यासमोरील प्रसिद्ध पुळण नाहीशी झाली आणि शहराच्या रक्षणासाठी मोठमोठे दगड रचावे लागले. दगडांनी मागचा रस्ता वाचला, पण त्यांनी वाळू काही आणली नाही. झीज मात्र उत्तरेकडे सरकून तमिळनाडूच्या हद्दीतील मच्छीमार वस्त्यांपर्यंत गेली. पर्यटकाच्या दृष्टीने पुळण म्हणजे विहाराची जागा. मच्छीमाराचे तेथे अंगण असते. होडी ओढून ठेवणे, जाळी सुकविणे, मासळी वाळविणे ही सर्व कामे त्याच पट्ट्यावर चालतात. तो पट्टा गेला की घर उभे असूनही उपजीविकेस पाय ठेवायला जागा उरत नाही.

पुढे चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर प्रौद्योगिकी संस्थेच्या योजनेनुसार 2018 मध्ये शहरासमोर पाण्याखाली पोलादी पाचरीसारखा बांध बसविण्यात आला. लाटांचा जोर कमी व्हावा व वाळू टिकावी, हा त्याचा उद्देश. त्यास बंदराच्या मुखातून उपसलेल्या वाळूची जोड देण्यात आली आणि पुळणीचा काही भाग नागरिकांना पुन्हा दिसू लागला.

भरणीची रीत

ड्रेजर हे जहाज तळाची वाळू पाण्यासह शोषून घेते. हे मिश्रण नळातून किनाऱ्यावर सोडतात. पाणी ओसरते आणि उरलेली वाळू यंत्रांनी पसरली जाते. यात वाळूची निवड महत्त्वाची असते. नवा कण मूळ कणाएवढा किंवा किंचित जाड असावा लागतो, कारण बारीक वाळू लवकर वाहून जाते. बंदरातील चिखल किंवा दूषित गाळ पुळणीवर घालणे सर्वथा अयोग्य होय. उपसा किनाऱ्याच्या अगदी जवळ केल्यास त्या खड्ड्याकडेच पुळणीची वाळू ओढली जाण्याचा धोका असतो. कासवांच्या विणीचा हंगामही टाळावा लागतो.

भरणीनंतर पहिल्या काही महिन्यांत पुळण पुन्हा अरुंद होते, तेव्हा पैसा समुद्रात गेला अशी टीका होते. वास्तविक त्यातील बरीच वाळू पाण्याखालील उतारावर पसरलेली असते आणि तो उतारच लाटांचा जोर मोडतो. मात्र वाळू अडविणारे कारण कायम असेल, तर भरणी ठराविक काळाने पुन्हा करावीच लागते.

सीमेपलीकडील वाळू

या बाबतीत ऑस्ट्रेलियातील ट्वीड नदीचे उदाहरण बोधप्रद आहे. ही नदी न्यू साउथ वेल्स राज्यात, क्वीन्सलँडच्या सीमेजवळ समुद्रास मिळते. 1960 नंतरच्या दशकात तिच्या मुखाच्या भिंती वाढविण्यात आल्या आणि उत्तरेकडील, म्हणजे शेजारच्या राज्यातील, कूलंगट्टा व किरा येथील पुळणी झिजल्या. अखेर दोन्ही राज्यांनी करार केला. 2001 पासून नदीच्या दक्षिणेस साचणारी वाळू पंपांनी उचलून नदीखालून नेलेल्या नळांवाटे उत्तरेस पोहोचविली जाते. हे प्रमाण वर्षाला सुमारे 5 लाख घनमीटर, म्हणजे निसर्गतः वाहणाऱ्या वाळूइतके राखण्याचे धोरण आहे. आरंभीच्या वर्षांत मागील तूट भरण्यासाठी अधिक वाळू सोडण्यात आली, तेव्हा किरा येथील पुळण वाजवीपेक्षा रुंद झाली व तेथील नामांकित लाटा बिघडल्याची तक्रार लाटांवर फळी चालविणाऱ्या खेळाडूंनी केली. भरणीतही प्रमाण सांभाळावे लागते, ते असे.

किनाऱ्यावरील वाळू कोणा एका गावाची नसते. ती एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जात असते. म्हणून नवा धक्का किंवा बंदर उभारताना अडणारी वाळू पुढे कोण पोहोचविणार आणि त्याचा वार्षिक खर्च कोण सोसणार, हे आराखड्यातच ठरले पाहिजे. नागरिकांच्या हातीही काही गोष्टी आहेत. किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत, वाळू उचलू नये आणि मर्यादवेल उपटू नये. वादळी लाटांच्या वेळी पुळणीस उपयोगी पडणारी निसर्गाची शिल्लक याच टेकड्यांत असते. ती राखली गेली, तर ड्रेजर बोलाविण्याची वेळ अनेक ठिकाणी येणारही नाही.