जुनी फोर बाय फोर घेताय? बयाणा देण्याआधी गाडीखाली वाकून बघा

महिंद्राचा कारखाना चाकणला, टाटा मोटर्सचा पिंपरीत, फोर्स मोटर्स आकुर्डीत. आपले कितीतरी बांधव या पट्ट्यात गाड्या किंवा गाड्यांचे पार्ट बनवून हलाल रोजी कमावतात. पण स्वतःसाठी जुनी गाडी घ्यायची वेळ आली की हेच लोक चमकणारा रंग आणि मागचा 'फोर बाय फोर'चा बिल्ला बघून भुलतात. व्याजाचे कर्ज नको म्हणून कित्येक वर्षे साठवलेले चार-पाच लाख रुपये एका दिवसात अडकतात. म्हणून व्यवहार करण्याआधी काय तपासायचे, ते क्रमाने पाहू.

आधी गरज तपासा

चाकण ते भोसरी रोजची ये-जा करायला फोर बाय फोर लागत नाही. मावळ, मुळशी किंवा खेडच्या पश्चिम पट्ट्यात शेती असेल, कच्च्या रस्त्याच्या साईटवर माल न्यायचा असेल, तर तिचा उपयोग. या गाडीत ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट असे जास्तीचे भाग असतात. म्हणजे डिझेल जास्त आणि बिघडायला जागाही जास्त. गरज नसेल तर साधी टू-व्हील ड्राइव्ह घ्या, पैसे वाचतील.

कागद

मूळ आरसी बुक हातात घ्या. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव, विमा आणि बँकेचा बोजा पाहा, थकलेले ई-चलनही तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून वाचा. आकडे घासलेले, वेल्डिंग केलेले दिसले तर तिथूनच परत फिरा.

'दिल्ली पासिंग' गाडी स्वस्त का मिळते, हेही समजून घ्या. राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, म्हणून तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी एमएच-१४ करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला टॅक्स भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरून मगच बोला. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर पुढ्यात आहे, हेही लक्षात ठेवा.

टू-व्हीलची फोर-व्हील करून घेतलेली गाडी शक्यतो टाळा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे.

गाडीखाली

ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि गाडी रॅम्पवर चढवा. चेसिसवर ताजा काळा रंग मारलेला असेल तर त्याखाली गंज आहे का, ते बघा. समुद्राजवळ वापरलेल्या गाडीत हे जास्त आढळते. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल थोडे काढून पाहा. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे. लोखंडाचा चुरा दिसला तर गिअर झिजले आहेत. पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे ना, हेही बघा. बिघाड लपवण्यासाठी तो काढून ठेवता येतो आणि बिल्ला मात्र तसाच राहतो.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. नाहीतर फोर-व्हील लावल्यावर ट्रान्सफर केसवर ताण येतो. टायरवरच्या चार आकड्यांवरून वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

चालवून

इंजिन थंड असताना स्वतः चालू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतेय.

यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांत फोर-व्हील हवी तेव्हा लावायची असते. ती कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून वळू नका, कारण वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. मुरमाच्या किंवा मातीच्या चढावर जा. फोर-हाय लावा आणि पुढची चाकेही माती उकरतात का, हे बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. नुसता डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणून समाधान मानू नका. मग गाडी थांबवून फोर-लो लावा. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गाडी माणसाच्या चालीने सरकली पाहिजे. गिअर निसटला, खडखड आली, तर काम मोठे आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून 'कट-कट' आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट गेले.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मॅट उचला. आत गाळ किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरासारख्या आपत्तींनंतर ही शंका घ्यायलाच हवी.

पार्टचा भाव आधीच विचारून ठेवा. 'भंगारात मिळून जाईल' या भरवशावर राहू नका. फेब्रुवारी २०२५ च्या महापालिकेच्या कारवाईत कुदळवाडी-चिखलीतल्या भंगाराच्या शेड पाडल्या गेल्या, हे आपण पाहिलेच आहे.

विकणाऱ्याचीही जबाबदारी

आपल्यातले बरेच जण गाड्या विकण्याच्या धंद्यातही आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतला माल ओला निघाला. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत बजावले. जुन्या गाडीतले दुधाळ ऑइल हे तेच ओले धान्य आहे. मालातला ऐब लपवला असेल तर ग्राहकाला माल परत करण्याचा हक्क आहे, असे फिकहचे नियम सांगतात. म्हणून दोष तोंडी सांगा आणि करारातही लिहा. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही तर कुरआनचीच शिकवण आहे.

शेवटी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका, आरटीओत नाव बदलून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. नाव बदलले नाही आणि अपघात झाला तर भरपाई नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकून पैसे खर्च करून बसलेल्या भावाच्या दारात नोटीस येऊ शकते, म्हणून हे काम दोघांनी मिळूनच पुरे करा.