कात्रीची कमाई आणि खुर्चीचा धंदा

पोरानं शाळेत लक्ष दिलं नाही की बाप काय म्हणतो, ते तुम्हाला सांगायला नको. 'शीक बाबा, नाहीतर हजामती करत बसशील!' तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. आता एक काम करा. येत्या बाजाराच्या दिवशी आपल्याच गावातल्या सलूनसमोरच्या बाकावर तासभर बसा. पेपर वाचायला म्हणून बसा हवं तर. गिऱ्हाईक किती आलं, एकेकानं किती दिले, उधारी किती राहिली, हे मनाशी मोजा. मग घरी येऊन आपल्या दोन एकर सोयाबीनचा हिशेब मांडा. आपल्या पिकाचा पैसा हंगामाला येतो, तोही भाव असला तर. त्या दुकानात पैसा रोज येतो. गारपीट झाली म्हणून केस वाढायचे थांबत नाहीत.

मग खरा प्रश्न पुढे येतो. रोज रोकड बघणारा हा माणूस बहुधा आयुष्यभर भाड्याच्या गाळ्यातच का राहतो? मुलीच्या लग्नाला सावकाराकडे का जातो? उत्तर असे की, त्याच्याकडे हात आहे, हुन्नर आहे. पण मालकी नाही. हात थांबला की कमाई थांबते. या लेखात सांगायचे ते एवढेच आहे. कात्री पोट भरते. घर उभे राहते ते खुर्ची आणि गाळा आपला झाल्यावर.

बलुत्यातून रोकडीत

जुनी माणसे सांगतील, नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. काखेला धोकटी, त्यात वस्तरा, कात्री, नराणी आणि वाटी. घरोघर जाऊन वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर पेंढ्या, पायली-दोन पायली धान्य घ्यायचे. जावळ, लग्न, मयत, आवतण अशा सगळ्या कामांत त्याचा हात लागे. पीक बुडाले की त्याचे बलुतेही बुडे. म्हणजे दुष्काळ तुमचा आणि उपास दोघांचाही.

याच समाजातून वीर भाई कोतवाल पुढे आले, हे ध्यानात ठेवा. १९१२ मध्ये माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेला हा माणूस वकील झाला. कर्जत भागातल्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून त्याने धान्याच्या बँका काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर तो इंग्रजांच्या गोळीला बळी पडला. शेतकऱ्याचे कर्ज ज्याला कळले, त्याच्या समाजाच्या धंद्याचे अर्थकारण आपण कधी समजून घेतले का?

आता बलुते जवळपास संपले. दाढी-कटिंग रोकडीवर आली, तरणी पोरं मोबाइलवर फोटो दाखवून 'असे कापा' म्हणतात. धंदा नाभिकांपुरताही राहिला नाही. इतर घरांतली मुलेही तो शिकू लागली आहेत. शहरात कारागिरी करणारी पुष्कळ मुले खेड्यांतलीच असतात. बऱ्याच सलूनमध्ये निम्म्या वाट्यावर काम चालते. शंभराचे काम केले तर पन्नास कारागिराचे, पन्नास मालकाचे. म्हणजे तुमच्या गावचा हुन्नर तिकडच्या खुर्चीचा हप्ता फेडतो. मग तीच खुर्ची गावात का नको?

एका खुर्चीचा आणि दोन खुर्च्यांचा हिशेब

पाटी-पेन्सिल घ्या. आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या गावच्या दराप्रमाणे बदला.

समजा, एका हाताने दिवसाला १२ गिऱ्हाईके होतात आणि सरासरी ७० रुपये मिळतात. दिवसाचे ८४० झाले. महिन्यात कामाचे २५ दिवस धरा, २१,००० रुपये. त्यातून गाळ्याचे भाडे ३,००० आणि वीज, ब्लेड, फोम, पावडर, टॉवेलची धुलाई मिळून ३,००० वजा करा. हातात राहिले १५,०००. संसार चालतो, पण ताप आला किंवा पाठ धरली की कमाई शून्य.

आता दुसरी खुर्ची टाका आणि निम्म्या वाट्यावर एक कारागीर बसवा. त्याने १० गिऱ्हाईके केली तर दिवसाचे ७०० रुपये. निम्मे त्याचे, ३५० तुमचे. महिन्याला ८,७५०. ब्लेड-साबणाला ७५० गेले तरी ८,००० उरतात. भाडे तेच, आरसा त्याच भिंतीवर. तुम्ही एखाद्या जावळाला गेलात किंवा वारीला गेलात, तरी ही खुर्ची चालू राहते. पहिल्या खुर्चीतून मिळते ती मजुरी. दुसरीपासून पुढे खरा धंदा सुरू होतो.

पण एक अट आहे. रांग लागत असेल, गिऱ्हाईक बघून परत जात असेल, तरच दुसरी खुर्ची टाका. महिनाभर वहीत लिहा: किती आले, किती परत गेले. दिवाळी आणि लग्नसराईची गर्दी बघून हिशेब करू नका, कारण श्रावणात बरेच लोक दाढी-कटिंग करत नाहीत. पाणी बघून ऊस लावतो, तसेच हे.

गाळा सोडू नका

बेंगळूरच्या रमेश बाबू यांचे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. त्यांच्या वडिलांचे ब्रिगेड रोडला छोटे केशकर्तनालय होते. वडील १९८९ मध्ये वारले, मुले लहान. आईने लोकांच्या घरी धुणी-भांडी केली. पण दुकान विकले नाही. रोजच्या पाच रुपयांवर ते दुसऱ्याला चालवायला दिले. मुलगा मोठा झाल्यावर त्याने ते परत आपल्या हाती घेतले. पुढे कर्जावर मारुतीची व्हॅन घेतली, हप्ता जड जाऊ लागला तेव्हा ती भाड्याने लावली. त्यातून गाड्या भाड्याने देण्याचा मोठा व्यवसाय झाला. २०११ मध्ये त्यांनी रोल्स रॉइस घेतली, आणि तरीही कात्री खाली ठेवली नाही.

रोल्स रॉइस सगळ्यांना मिळेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. यातला घेण्यासारखा धडा त्या माउलीचा आहे. दिवस वाईट असताना तिने कमाईची जागा हातची जाऊ दिली नाही.

तुमच्या गावात हेच कसे करायचे? भाड्याचा गाळा असेल तर करार तोंडी ठेवू नका. किती वर्षे, किती भाडे, वाढ केव्हा, अनामत किती, हे लेखी करा आणि करार नोंदवून घ्या. धंदा जमला की मालक गाळा मागतो, हे अनुभव कमी नाहीत. आणि रस्त्याला लागून घरची जागा असेल तर पहिली शिल्लक तिथे दहा बाय बाराची खोली बांधण्यात घाला, गाडीत नको.

पैसा कुठून आणायचा?

सावकाराचा शेकडा तीन रुपये महिना हा दर तुम्हाला तोंडपाठ असेल. एक लाखाला महिन्याला ३,००० नुसते व्याज, मुद्दल जागच्या जागी.

त्याऐवजी पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी ती सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर अशी तिची रचना आहे. त्यानंतर तारणाशिवाय पहिले कर्ज एक लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचे, व्याज वर्षाला ५ टक्के. ते फेडले की दुसरे दोन लाखांपर्यंत, ३० महिन्यांचे.

एक लाखाचा हप्ता महिन्याला सुमारे ५,८०० रुपये पडतो. वरच्या हिशेबातली दुसरी खुर्ची ८,००० देते. म्हणजे हप्ता भरूनही २,२०० उरतात आणि दीड वर्षाने पूर्ण आठ हजार तुमचे.

अटीही वाचा. वय १८ पूर्ण हवे. एका कुटुंबातून एकच माणूस. सरकारी नोकर आणि त्याचे कुटुंबीय यात बसत नाहीत. आधी मुद्रा कर्ज घेतले असेल तर ते पूर्ण फेडलेले हवे. अर्ज सामाईक सेवा केंद्रातून होतो, त्याला फी नाही. जाण्याआधी नोंदणी चालू आहे का, ते विचारून घ्या. हे जमले नाही तर मुद्रा योजनेतला शिशु गट ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गट ५ लाखांपर्यंत आहे. त्यालाही तारण लागत नाही.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. उद्यम नोंदणी मोफत होते. दुकानात दहापेक्षा कमी माणसे असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणीचे प्रमाणपत्र लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. कर्जाच्या वेळी बँक हेच कागद मागते.

सरपंच, हे काम तुमचेही आहे

विश्वकर्मा योजनेतल्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. अर्ज तिथेच पडून राहिला तर पुढे जिल्ह्यापर्यंत जातच नाही. तेव्हा सरपंच आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस ठरवून हे अर्ज बघावेत. माणूस खरोखर कात्री धरतो का, हे गावाला ठाऊक असते; खऱ्याला अडवू नका आणि खोट्याला घुसवू नका. पंचायतीचे व्यापारी गाळे असतील तर लिलावात सगळे बड्या बोलीवाल्यांना जाणार नाहीत, गावच्या कारागिरालाही संधी मिळेल, असा विचार ग्रामसभेत मांडा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत शिक्षण मिळते, राहण्या-जेवणाची सोयही असते. तिथला फलक पंचायतीच्या भिंतीवर लावायला खर्च येत नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमचेही एक काम आहे. उधारी वेळेवर द्या. खताच्या दुकानात उधारीला व्याज देता, मग दाढीचे पैसे पोळ्यापर्यंत का लोंबवता?

जपायचे ते

२०२० चा मार्च आठवा. टाळेबंदी झाली आणि सलूनचे शटर पडले. ते २८ जून २०२० रोजी उघडले, तेही सुरुवातीला फक्त केस कापण्यापुरते. तीन महिने शून्य कमाई! ज्याची शिल्लक होती तो तरला, बाकीच्यांनी भांडी विकली.

तेव्हा रोजच्या गल्ल्यातून शंभर रुपये बाजूला काढाच. पिग्मीवाला दारात येतो म्हणून सगळे त्यालाच देऊ नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा बँक खात्यातूनच मिळतो. ते करून टाका.

दुसरे, ब्लेड. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड, तेही त्याच्या डोळ्यांसमोर फोडा. वापरलेल्या ब्लेडने कावीळ बी आणि सी, तसेच एचआयव्हीही पसरू शकतो. दोन रुपये वाचवून दुकानाची पत घालवू नका. तिसरे, कारागिराचा वाटा संध्याकाळच्या संध्याकाळी द्या. तो आज तुमच्या खुर्चीवर आहे, उद्या समोर दुकान टाकेल. टाकू द्या. त्याला आधी नीट शिकवले असेल तर पुढे भागीदारीत दुसऱ्या गावात शाखा टाकताना तोच कामाला येईल.

पुढच्या वेळी पोराला रागावताना एवढे करा. 'हजामती करत बसशील' हे धमकी म्हणून सांगू नका. त्याला आवड असेल तर विचारा, 'करशील बाबा, पण खुर्ची कुणाची?' आणि 'माझी' असे उत्तर आले, तर त्याच्याबरोबर बँकेत जायला एक दिवस रिकामा ठेवा.