सही करण्याआधी वर काय लिहिलंय?

भाकरी थापत असाल तर थापत राहा, तेवढ्यात आमचं बोलणं होईल. आम्ही म्हणजे गावातल्या बचत गटांचा जो ग्रामसंघ आहे, त्यातल्या बायका. माईकसमोर एकच जण बसलीय, पण बोलणं सगळ्यांचं आहे. आधी बैठकीत वाचून दाखवलंय, तेव्हा कुणी काही तोडजोड केली असं समजू नका.

गौरी जेवून गेल्या, गणपती अजून घरात आहेत. मग पितृपक्ष. यंदा, म्हणजे २०२४ मध्ये, २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या आहे आणि त्याच दिवशी ग्रामसभा. ३ तारखेला घट बसणार, म्हणजे गोधड्या-वाकळं धुण्याचा धबडगाही त्याच आठवड्यात. शिवाय सोयाबीन काढणीला येतंय. अशा दिवशी कोणती बाई हातातलं टाकून ग्रामसभेला जाईल? आणि तरीही यंदा ग्रामसभा सोडायची नाही असं आम्ही ठरवलंय. त्याला कारण घडलं, ते आधी सांगतो.

जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरण्यासाठी आम्ही रोज ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बसत होतो. एकदा दाखल्याची वाट बघताना टेबलावर ठरावाचं रजिस्टर होतं, ते आमच्यातल्या एकीनं सहज उघडलं. मागच्या वर्षीच्या महिला ग्रामसभेचं पान निघालं. खाली ओळीनं आमच्या सह्या, अंगठे. आणि वर लिहिलेलं होतं की महिलांना शिवणकामाचं प्रशिक्षण दिलं, त्याच्या खर्चाला ही सभा मंजुरी देत आहे.

त्या प्रशिक्षणाला गेलेली एकही बाई आम्हाला सापडली नाही. सगळ्या गटांत विचारलं. पण सह्या आमच्याच होत्या, त्यात खोटं काही नाही. मग आठवलं. गटाची मासिक बैठक चालू असताना शिपाई रजिस्टर घेऊन आले होते. "ताई, वरून मागितलंय, सह्या द्या पटकन." आम्ही बचतीच्या वहीबरोबर ते रजिस्टरही फिरवलं. वरचा भाग तेव्हा कोरा होता की भरलेला, हे आज कुणालाच सांगता येत नाही. ज्या बायका शंभर रुपयांची बचत तीन वेळा मोजतात, हप्त्याची पावती नसेल तर बँकेच्या साहेबांनाही उभं करतात, त्यांनीच हे केलं. म्हणून कुणावर बोट दाखवण्याआधी ही आमची चूक आहे असं आम्ही बैठकीत लिहून ठेवलंय.

आता ही महिला ग्रामसभा म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. गावच्या मतदार यादीत जिचं नाव, ती ग्रामसभेची सभासद. त्याला पंच असावं लागत नाही, शिक्षण लागत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. सर्वसाधारणपणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची सभा घ्यायचीच असते. तिथं बायकांनी जे सांगितलं ते मग मोठ्या ग्रामसभेपुढे मांडायचं. ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्यातच आहे.

मोठ्या ग्रामसभेला माणसं किती हवीत, हेही ठाऊक असू द्या. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. चारशे मतदारांचं गाव असेल तर साठ जण पुरतात, दोन हजारांचं असेल तर शंभर. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते. आणि गंमत इथेच आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा माणसांच्या संख्येची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी आपण घरी बसलो, तर दुसऱ्या वेळी दहा-पंधरा जण बसून सगळ्या गावाचा निर्णय करू शकतात. आपण गेलो नाही म्हणून सभा अडत नाही, ती आपल्यावाचून होते.

हे सगळं समजल्यावर आम्ही सरपंच ताईंकडे गेलो. त्या आमच्याच एका गटाच्या सभासद आहेत, बायकांच्या जागेवर निवडून आल्या आहेत. आम्ही तावातावानं गेलो होतो. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "मला तरी काय माहीत? तुमच्या सह्या दाखवल्या, म्हटलं बायकांनी मंजूर केलंय तर मी कोण नाही म्हणणारी, मी पण सही केली." ऑफिसात बरेचदा त्यांच्या वतीनं घरचेच बोलतात, हे आम्हाला माहीत होतं. पण त्यांना धीर द्यायला आमच्यातली एकही जण कधी ऑफिसात जाऊन बसली नव्हती, हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना मिळाल्या त्या २०११ च्या कायद्यानं. खुर्चीवर बाई बसली, पण तिच्या समोर बायका नसल्या तर ती एकटीच पडते. आता ठरलंय की मासिक सभेच्या दिवशी ग्रामसंघाच्या दोघी ऑफिसच्या ओट्यावर असतील. आत बोलायचं नाही, फक्त असायचं. ताईंनीच तसं मागितलं.

महिला सभा कधी घ्यायची यावर आमची दोन संध्याकाळी वादावादी झाली. रिवाज आदल्या दिवशीचा, म्हणजे १ ऑक्टोबर. पण कायदा 'आधी' म्हणतो, आदल्याच दिवशी असं म्हणत नाही. म्हणून शुक्रवार, २७ सप्टेंबर मागितला. वेळेचं म्हणाल तर दुपारी दोनची सभा म्हणजे घरी राहणाऱ्यांची सभा. सोयाबीन कापायला जाणारीची तेवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडते. म्हणून संध्याकाळी सात. जागा देवळाच्या मंडपात नको, शाळेच्या व्हरांड्यात हवी. देवळात म्हटलं की चार दिवस बाजूला बसलेल्या बायका येत नाहीत, आणि ज्यांना देवळाची पायरी चढताना पूर्वीपासून संकोच वाटत आला आहे त्याही येत नाहीत. तसा अर्ज ग्रामसेवक भाऊसाहेबांना दिलाय आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतलीय. पोच घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

त्या सभेत काय मागायचं? वस्त्यांवर बैठका घेतल्या तेव्हा यादी सत्तावीस कामांची झाली होती. गटारापासून ते बसथांब्यापर्यंत. सगळंच गरजेचं, पण सत्तावीस मागितली की त्यातली कोणती द्यायची ते दुसरेच ठरवतात. म्हणून आम्ही एक काम सगळ्यात वर ठेवलं, ते म्हणजे बाजारतळावर बायकांसाठी संडास-मुतारी, पाण्यासकट.

ज्यांना यात काय मोठं असं वाटतं त्यांनी एका गुरुवारी बाजारात भाजी घेऊन बसून बघावं. आमच्या गटातल्या बायका पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून सातला जागा धरतात, ते दिवेलागणीला उठतात. तेवढ्या वेळात पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. बाई काय करते? पाणीच पीत नाही. उन्हाळ्यातसुद्धा. मग जळजळ, ताप, ओटीपोटात कळा, आणि बाजारात कमावलेले पैसे दवाखान्यात. एक काकू गेली कित्येक वर्षं बाजाराच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करतात. त्यांनी हे बैठकीत सांगितलं तेव्हा हसू आलं काहींना, आणि मग कळलं की निम्म्याजणी तेच करतात. आपण हे एकमेकींनाही कधी सांगितलं नव्हतं.

यासाठी पैसा कुठून येणार, हा प्रश्न आधीच विचारून ठेवलाय. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिलेले आहेत. संडास, पाण्याची टाकी ही कामं त्यात बसतात. २०२५-२६ या वर्षाचा गावाचा आराखडा २ ऑक्टोबरपासून तयार व्हायला लागेल. त्यात नाव आलं नाही तर वर्ष गेलं. आमचा ग्रामसंघ गरजू घरांचा जो आराखडा करतो, ज्याला व्हीपीआरपी म्हणतात, तो याच सभेत देऊन ठेवायचा आहे. आराखडा मंजूर झाला की ई-ग्रामस्वराज या सरकारी साइटवर टाकतात, तो मोबाइलवर बघता येतो. आमच्या पोरी कॉलेजात जातात, त्या बघून देतात.

आणि इथं एक सावधगिरी. कुणी म्हणेल, संडास बायकांचा आहे ना, मग बायकांच्या दहा टक्क्यांतून बांधू. तेव्हा मान हलवू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. हा पैसा वेगळा. समजा, घरपट्टी आणि बाकीचे कर मिळून वर्षाला तीन लाख जमा झाले, तर आपले तीस हजार. एवढ्यात संडास होत नाही आणि अंगणवाडीच्या पोरांच्या सतरंज्याही जातात. ज्याला स्वच्छतेचा निधी आहे ते त्यातून करा, दहा टक्के दहा टक्क्यांना ठेवा. त्यातून काय घ्यायचं ते २७ तारखेला हात वर करून ठरवू. प्रशिक्षण घ्यायचं ठरलं तर कुणी घेतलं त्यांची नावं सभेत वाचायची.

आता थोडं कडू बोलतो. हा दहा टक्क्यांचा आकडा घरपट्टी भरली तरच वाढतो. यादी बघितली तेव्हा थकबाकीत आमच्या ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांची घरं होती. माईकसमोर बसलेलीचंही होतं. मागच्या आठवड्यात भरली. पावती जपून ठेवलीय, कारण हिशेब मागायला उभं राहिलं की पहिला प्रश्न तोच येणार.

फॉर्म भरताना आणखी एक दिसलं होतं. कितीतरी सुनांची नावं अजून माहेरच्या मतदार यादीत आहेत. लग्नाला आठ-आठ वर्षं झाली, मुलं शाळेत, पण कागदावर बाई माहेरी. तिथं ती जाऊ शकत नाही आणि इथल्या ग्रामसभेत ती सभासद नाही. अशांनी नाव बदलून घेण्यासाठी ८ नंबरचा फॉर्म भरायचा, आणि जिचं नाव कुठेच नाही तिनं ६ नंबरचा. बूथवरच्या बीएलओंकडे मिळतो, मोबाइलवरूनही भरता येतो. उशीर करू नका. सासूबाईंनो, तुम्हीच सुनेला घेऊन या. सून एकटी निघाली की घरात चार प्रश्न विचारले जातात, तुम्ही निघालात की कुणी विचारत नाही.

घराच्या नोंदीचं कामही हाती घेतलंय, पण ते दिवाळीनंतर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावून घ्यायचं. हा नमुना कर आकारणीचा आहे, त्यानं मालकी ठरत नाही, त्यामुळे नाव लागलं म्हणजे घर आपलं झालं असं कुणी समजू नये. पण भांडणात "तुझं इथं काय आहे" असं म्हटल्यावर दाखवायला एक कागद तर असेल. घरोघरी जाऊन अर्ज आम्ही भरून देऊ, मात्र सही नवऱ्याचीही लागेल, आणि तिथंच खरी परीक्षा आहे.

एका विषयावर अजून आमचं एकमत झालेलं नाही, तेही सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांना त्याप्रमाणे करायला सांगितलं. आपल्याकडेही तसा ठराव आणावा असं काहींचं म्हणणं आहे. काहीजणी म्हणतात, आधी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण त्यांना बोलावतो का ते सांगा, ठरावाचं मग बघू. दोन्ही बाजूंना आमच्यातल्याच विधवा मैत्रिणी आहेत. त्यामुळे या ग्रामसभेत हा विषय ठेवलेला नाही.

तर शुक्रवार, २७ सप्टेंबर, संध्याकाळी सात, शाळेचा व्हरांडा. भाऊसाहेबांकडून वेळेचं पक्कं झालं की दवंडी होईल, बदल झाला तर याच केंद्रावरून सांगू. रजिस्टरवर हजेरीची सही आल्याबरोबर करायची, पण ठरावाखालची सही सगळं लिहून, मोठ्यानं वाचून झाल्यावरच. शेवटच्या ओळीखाली रेघ मारायची आणि किती बायका हजर होत्या ते अक्षरात लिहायचं. त्या पानाची नक्कल आम्ही दुसऱ्या दिवशी अर्ज करून मागणार आहोत. नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागू. त्याला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागच्या वर्षीच्या त्या प्रशिक्षणाच्या खर्चाची बिलंही अशीच मागितली आहेत. उत्तर यायचंय.

येताना बसायला पोतं किंवा सतरंजी आणा, व्हरांड्यातला दिवा चालू नाही म्हणून बॅटरी आणा. लहान मुलं घेऊन या, पहिल्या खोलीत अंगणवाडीच्या ताई त्यांना सांभाळणार आहेत. चहा प्रत्येक गटानं अर्धा लिटर दूध दिलं तर होईल, साखर ग्रामसंघाकडे आहे.