रत्नागिरी : स्थानबद्धांचे शहर

गणपतीपुळ्यास निघालेला प्रवासी रत्नागिरीत बहुधा जेवणापुरता थांबतो. या शहरासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावयास हवा.

तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा रत्नदुर्ग व त्यावरील भगवतीचे देऊळ सकाळीच पाहून घ्यावे. पुढे शहरात टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे.

रत्नागिरीचा वेगळेपणा मात्र जाणवतो तो थिबा राजवाड्यात. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजास पदच्युत केले आणि पुढील वर्षी त्यास सहकुटुंब येथे आणून ठेवले. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधला गेला तो १९१० मध्ये, म्हणजे बंदिवासाची वीसहून अधिक वर्षे लोटल्यावर! १९१६ मध्ये येथेच त्याचे निधन झाले. मायदेश त्यास पुन्हा दिसला नाही. शहरातच असलेल्या त्याच्या समाधीकडे पर्यटक सहसा वळत नाहीत. ती अवश्य पाहावी.

स्वातंत्र्यवीर सावरकरही १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने व दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना गावच्या देवळाची पायरीही चढता येत नसे, अशा काळात हे मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. वास्तू साधीच आहे. पण हा इतिहास ठाऊक असल्यास पाऊल तेथे आपोआप रेंगाळते.

सायंकाळ मांडवीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी ठेवावी.