नाव आपलं, कागद कुणाचा?



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. कांदा-लसूण चटणी करणारा गट, बारा जणी. बैठक ज्या खोलीत भरते तिथे कोपऱ्यात छापील पिशव्यांचे गठ्ठे पडले होते, एकदम नव्या कोऱ्या. त्यांना कुणी हात लावत नव्हतं. कारण पिशवीवरचं नाव आता कागदोपत्री गटाचं नाही.

झालं असं, की सहा वर्षं या बायका त्या नावाने चटणी विकतात. बाजारात नाव झालं. मग कुणीतरी सांगितलं की नावाची नोंदणी करून घ्या, नाहीतर दुसरा कुणी उचलेल. अध्यक्षांच्या मुलाला कॉम्प्युटरचं कळतं, त्याने अर्ज भरला. फी गटाच्या खात्यातून गेली. पावती मीच फाइलला लावली. पण अर्जदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, ते मी वाचलं नाही. तिथे त्या मुलाचं नाव होतं, त्याचंच आधार आणि त्याचंच पॅन. तेव्हा त्याच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. पुढे त्याने स्वतःचं मिरची कांडपाचं मशीन टाकलं, गटाशी पैशावरून बिनसलं, आणि आता तो म्हणतो, नाव माझं आहे. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून गावाचं किंवा चटणीचं नाव मी घेत नाही.

तेव्हा आज ट्रेडमार्कच्या कागदांविषयी बोलू. ट्रेडमार्क म्हणजे आपल्या मालाचं नाव किंवा चित्र, ज्यावरून गिऱ्हाइकाला कळतं की हा माल अमक्यांचा. त्यासाठी १९९९चा ट्रेडमार्क कायदा आहे. आपल्याकडे बऱ्याच जणींचा समज असतो की अन्न परवान्याचा नंबर मिळाला, उद्यमचा कागद मिळाला, म्हणजे नावही आपलं झालं. तसं नाही. अन्न परवाना खाद्यपदार्थ करायची नि विकायची परवानगी देतो. उद्यम सांगतं की तुमचा लहान उद्योग आहे. नावाचं रक्षण या दोन्हींनी होत नाही. त्याचा अर्ज वेगळा, त्याला टीएम-ए फॉर्म म्हणतात, आणि महाराष्ट्रासाठी त्याचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. तिथे जायलाच पाहिजे असं नाही, अर्ज ऑनलाइन होतो.

अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना अर्जदाराचा. तिथे ज्याचं नाव, तो मालक. चटणी कोण कुटतं, पैसे कुणी भरले, हे तो कागद विचारत नाही.

एकाच व्यक्तीच्या नावाने अर्ज करायला लोक का सांगतात, तेही समजून घ्या. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मोठ्या उद्योगांना ९,००० रुपये आहे, आणि एकट्या व्यक्तीला ४,५०० रुपये. एकट्या व्यक्तीला आधार-पॅनखेरीज फारसं काही जोडावं लागत नाही. म्हणून सायबर कॅफेवाला, एजंट, घरातला भाऊ, सगळे म्हणतात, "एकीच्या नावाने टाकू, सोपं पडेल." पण लहान उद्योगालाही फी ४,५०० रुपयेच आहे, फक्त उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं. उद्यमची नोंदणी फुकट होते आणि तिथे संस्थेच्या प्रकारात बचत गट हा पर्याय आहे. म्हणजे पैसे वाचतात म्हणून एकीच्या नावाने, या म्हणण्याला काही अर्थ नाही. एक दिवस जास्त जातो, एवढंच.

आता गटाच्या नावाने करायचं तर कोणते कागद? गटाचं पॅन कार्ड हवं. बचत गटाचं पॅन 'असोसिएशन ऑफ पर्सन्स', म्हणजे व्यक्तींचा समूह, या प्रकारात निघतं. मग गटाच्या नावाने उद्यम. बँक पासबुकाची पहिल्या पानाची प्रत. सर्व सदस्यांची यादी, पत्ता आणि आधारसह. आणि ठराव. बचत गट उमेदच्या किंवा माविमच्या यादीत आहे म्हणून तो सहकारी संस्थेसारखा नोंदलेला असतो असं नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून अर्जात गटाच्या नावासोबत सगळ्या बायकांची नावं यावीत असा आग्रह धरा. धंदा मोठा असेल तर भागीदारी, सहकारी संस्था किंवा दहा जणींची उत्पादक कंपनी करून तिच्या नावाने अर्ज करणं जास्त पक्कं. लिज्जतचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, आणि १९६६ साली रीतसर संस्था नोंदवली. नाव संस्थेचं राहिलं, कुणा एकीच्या घरात गेलं नाही.

ठरावाचं सांगते, कारण तो आपल्या हातातला कागद आहे. बहुतेक वह्यांत मी एक ओळ बघते, 'ट्रेडमार्क काढण्याचे ठरले.' एवढ्याने काही होत नाही. असं लिहा: 'अमुक हे नाव व सोबत चिकटवलेले चित्र गटाच्या मालकीचे आहे. नोंदणीचा अर्ज गटाच्या नावाने करण्यात यावा. अर्जावर सही करण्याचा अधिकार अमुक यांना देण्यात येत आहे. सही केल्यामुळे त्या व्यक्तीचा नावावर स्वतंत्र हक्क राहणार नाही.' खाली सगळ्यांच्या सह्या, तारीख. अंगठा असेल तर अंगठा, आणि वाचून दाखवलं असं लिहून साक्षीदाराची सही.

चित्राचंही असंच. पिशवीवरचं चित्र प्रेसवाल्याने काढलं की पुतणीने, ज्याने काढलं त्याच्याकडून लिहून घ्या की चित्राचे हक्क गटाला दिले. इंटरनेटवरून उचललेलं चित्र लावू नका. अर्जात चित्र ८ बाय ८ सेंटिमीटरच्या आत बसवून द्यावं लागतं. नाव मराठीत असेल तर त्याचा उच्चार आणि अर्थ इंग्रजीत लिहून तयार ठेवा.

नाव निवडतानाच थोडं थांबा. 'शुद्ध मसाला', 'चवदार लोणचं' अशी नावं मिळत नाहीत, कारण ते मालाचं वर्णन झालं, ते शब्द सगळ्यांचे आहेत. उलट टिटवी नावाची चटणी असं कुणी म्हटलं तर टिटवीचा चटणीशी संबंध नाही, म्हणून असं नाव मिळायला सोपं. देवादिकांच्या नावांचा आपल्याला फार सोस. त्यात अडचण येऊ शकते. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी मागितलं गेलं होतं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१५ साली न्यायालयाने सांगितलं की पवित्र ग्रंथाच्या नावावर एकाला हक्क मिळणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र, महात्मा गांधींचं नाव, राष्ट्रध्वज, हे तर १९५०च्या एका वेगळ्या कायद्याने धंद्याच्या नावासाठी बंदच आहे. आणि आपल्यासारखं नाव आधीच कुणी घेतलंय का, ते आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नुसतं तेच स्पेलिंग नाही, सारखा उच्चार होणारी नावंही शोधा. हे शोधायला एजंट पैसे मागत असेल तर गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बसवा.

मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. लोणचं २९ मध्ये येतं, मसाला, पीठ, शेवया ३० मध्ये, साबण आणि अगरबत्ती ३ मध्ये, शिवलेले कपडे २५ मध्ये. फी प्रत्येक वर्गाला वेगळी. म्हणजे मसाला आणि लोणचं दोन्ही करत असाल तर ४,५०० दोनदा. पुढे कधीतरी साबण करू म्हणून आत्ताच तिसऱ्या वर्गाचे पैसे घालवू नका.

आता त्या बारा जणींकडे परत येते. त्या वकिलाकडे गेल्या तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "हे नाव तुम्ही कधीपासून वापरता आणि पुरावा काय?" अर्जातही हाच प्रश्न असतो. नाव अजून वापरलेलं नसेल तर 'वापरणार आहोत' असं लिहायचं. आधीपासून वापरत असाल तर तारीख लिहायची, त्यासोबत प्रतिज्ञापत्र करायचं आणि पुरावे जोडायचे. पुरावा म्हणजे जुनी बिलं, पिशवी छापल्याची प्रेसची पावती, महालक्ष्मी सरसमधल्या स्टॉलचे कागद, दुकानदाराने दिलेली ऑर्डर, तारखेसह फोटो. तारीख पुढेमागे करू नका, ते शपथेवर लिहिलेलं असतं.

कायद्यात एक तरतूद आहे, ती त्यांच्या कामाची. दुसऱ्याने नाव नोंदवलं, पण त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून तुम्ही ते सतत वापरत असाल, तर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. शिवाय चुकीची नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. पण दोन्हीकडे पुरावा लागतो. या गटाने पहिली दोन वर्षं बिलं फाडलीच नव्हती. माल ओळखीत जायचा, पैसे रोख यायचे. शेवटी रद्दीत एका कापडी पिशवीत प्रेसची जुनी पावती सापडली, त्यावर चटणीचं नाव आणि तारीख होती. त्या पावतीची त्यांनी पाच ठिकाणी झेरॉक्स ठेवली आहे. आज त्यांचं सगळं त्या एका चिठोऱ्यावर उभं आहे.

अर्ज स्वतः करता येतो, पण ऑनलाइनला डिजिटल सही लागते. वकील किंवा ट्रेडमार्क एजंट असेल तर त्याला अधिकारपत्र द्यावं लागतं, त्याला टीएम-४८ म्हणतात. कोऱ्या अधिकारपत्रावर सही करू नका. आणि अर्जात मोबाइल नंबर नि ईमेल कुणाचा आहे ते बघा. गटाचा वेगळा ईमेल काढा, पासवर्ड ठराव वहीच्या शेवटच्या पानावर नको, पण दोघीतिघींना माहीत असू द्या. कारण अर्ज तपासल्यावर कार्यालय हरकती कळवतं, आणि त्याला एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर तुम्ही अर्ज सोडून दिलात असं धरलं जातं. हरकत आली म्हणून घाबरू नका, ती पुष्कळांना येते. निरोपच पोचला नाही, की नुकसान होतं. उत्तर पटलं तर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं, तिथून चार महिने कुणीही विरोध करू शकतं. कुणी केला नाही तर प्रमाणपत्र मिळतं, दहा वर्षांसाठी. पुढे फी भरून दर दहा वर्षांनी वाढवायचं.

तोवर पिशवीवर टीएम ही अक्षरं लावायला हरकत नाही. गोलातला आर मात्र प्रमाणपत्र हातात येईपर्यंत लावू नका, कायद्याने मनाई आहे. प्रेसवाले हौसेने छापून देतात, त्यांना आधीच सांगा.

ज्या गटांनी अर्ज आधीच केलाय, त्यांनी आज एवढं करा. पावतीवर अर्जाचा नंबर असतो. तो संकेतस्थळावर टाकला की अर्जाची सद्यस्थिती आणि अर्जदाराचं नाव दिसतं. नाव एकीचंच निघालं आणि ती गटातलीच असेल, तर आत्ता गोडी आहे तोवर हस्तांतराचा लेखी करार करून घ्या आणि त्याची नोंद करायला टीएम-पी फॉर्म भरा. त्याला परत फी आहे, नव्या अर्जापेक्षा जास्तच. पुढच्या बैठकीला येताना पॅन, पासबुक, ठराव वही आणि सगळ्यात जुनी पावती सापडेल ती घेऊन या, आपण एकत्र बसून वाचू.